फुगते, पण विरघळत नाही

प्रस्तावना

नैसर्गिक रबराचा एक वायसर घ्यावा, त्याचे दोन तुकडे करावेत, एक पाण्यात टाकावा आणि दुसरा डिझेलमध्ये. आठवड्यानंतर बाहेर काढले तर हे दोन्ही तुकडे एकाच वायसरचे होते यावर विश्वास बसत नाही. पाण्यातला जवळजवळ होता तसाच निघतो. डिझेलमधला सुजलेला असतो, दाबले तर नख रुतते, ओढले तर तुटून हातात येतो. तरीही एक गोष्ट झालेली नसते. तो डिझेलमध्ये विरघळलेला नसतो. आणखी महिनाभर ठेवला तरी विरघळत नाही. एका मर्यादेपर्यंत फुगतो आणि थांबतो. तो का फुगतो, आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे का थांबतो, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

एवढ्याशा विषयावर अख्खे पुस्तक कशाला, असे कुणालाही वाटेल. पण बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात किती जणांचे पोट या प्रश्नाशी बांधलेले आहे ते पाहावे. महामार्गाच्या कडेचा पंक्चरवाला, ब्रेकची कामे करणारा मिस्त्री, उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांतला फिटर, वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर डिझेल इंजिनाने पाणी उपसणारा शेतकरी, गोठ्यात दूध काढायचे यंत्र बसवलेला गवळी, या सगळ्यांच्या हाताखाली रोज कुठले ना कुठले रबर कुठल्या ना कुठल्या द्रवात बुडालेले असते. रिंग सैल पडली, वायसर फुगून अडकला, नळी मऊ पडून फाटली की सगळ्यांच्या तोंडी एकच निदान असते: माल डुप्लिकेट निघाला. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा माल अस्सल असतो आणि त्याला भलत्याच द्रवात बसवलेले असते. रबर चांगले की वाईट हे ठरवण्याआधी ते कशात बुडणार आहे हे विचारले पाहिजे, हे या पुस्तकाचे एकमेव म्हणणे आहे. बाकीची प्रकरणे त्याचाच उलगडा करतात.

सुरुवात कच्च्या रबरापासून करावी लागते. त्यासाठी थेट केरळ गाठायला नको. बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले, किंवा तिलारीच्या बाजूने दोडामार्ग तालुक्यात शिरले, तरी रबराच्या बागा दिसतात. दोडामार्गातल्या बऱ्याचशा बागा केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी उभ्या केल्या आहेत. सालीला तिरपा छेद देऊन पांढरा चीक गोळा करायचा, त्यात फॉर्मिक आम्ल घालून तो साकळवायचा, रुळांतून दाबून पाणी काढायचे आणि धुरावर वाळवायचे, की कच्च्या रबराची शीट तयार होते. या शीटचा तुकडा पेट्रोलमध्ये टाकला तर आधी फुगतो, मग कडा हरवतात आणि शेवटी बहुतेक सगळ्याचा चिकट पाक होतो. म्हणजे कच्चे रबर विरघळते. पंक्चरवाल्याच्या डबीतले सोल्युशन मुळात याच गुणावर उभे आहे.

याच गुणावर चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये रेनकोटाचे पेटंट घेतले. डांबरापासून मिळणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवून त्याने ते दोन कापडांच्या मध्ये भरले. कापड पाणी अडवत असे, पण उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. मायकेल फॅरडेने १८२६ मध्ये रबराचे विश्लेषण करून त्यात कार्बनचे ५ आणि हायड्रोजनचे ८ अणू या प्रमाणात असतात हे दाखवले, तरी चिकटपणावरचा उपाय सापडायला आणखी तेरा वर्षे गेली. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळले की रबरात गंधक मिसळून तापवले तर ते उन्हात पाघळत नाही आणि थंडीत ताठरत नाही. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकही त्याच वाटेने चालला होता. दोघांची पेटंटे १८४३-४४ च्या सुमारास वर्षभराच्या आत आली. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. त्या काळी सगळ्यांनी कौतुक केले ते रबर चिकटायचे थांबले याचे. या पुस्तकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरी होती: रबर विरघळायचेही थांबले. त्यानंतर ते फक्त फुगू शकत होते.

गंधकाने नेमके काय केले? नैसर्गिक रबराचा रेणू म्हणजे आयसोप्रीनची हजारो एकके एकापुढे एक जोडलेली लांब साखळी. कच्च्या रबरात या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. योग्य द्रव आत शिरला की त्या सुट्या होऊन वाहून जातात. तापवल्यावर गंधक दोन शेजारच्या साखळ्यांमध्ये आडवा दुवा बांधतो. नेहमीच्या मऊ रबरात असा दुवा ढोबळमानाने शंभरेक एककांमागे एखादाच असतो, पण तेवढ्याने संपूर्ण तुकडा एकच सलग जाळे होतो. हे समजायला गादी आठवावी. पिंजलेला कापूस मोकळा असला तर वाऱ्यावर उडून जातो. गादीत भरून टाके घातले की उन्हात ठेवल्यावर तो फुगतो खरा, पण टाके सोडतील तेवढाच. टाके दाट घातले तर गादी घट्ट राहते. रबरातले गंधकाचे दुवे हेच काम करतात. मऊ रबरात १०० भाग रबराला दीड ते तीन भाग गंधक असते. तेच प्रमाण तीसच्या आसपास नेले तर एबोनाइट होते, ज्याचे फाउंटन पेन आणि जुन्या बॅटरीचे डबे बनत, आणि ते सहजासहजी फुगत नाही.

फुगणे म्हणजे या जाळ्यातली रस्सीखेच आहे. द्रवाचे रेणू साखळ्यांमध्ये मिसळू पाहतात, कारण मिसळलेल्या अवस्थेत दोघांनाही हालचालीला जास्त वाव मिळतो. ते जसजसे शिरतात तसतशा दुव्यांमधल्या साखळ्या ताणल्या जातात, आणि ताणलेले रबर मागे ओढते. शिरण्याची ओढ आणि आक्रसण्याची ओढ जिथे बरोबरीला येतात तिथे फुगणे थांबते. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये हा समतोल एका समीकरणात बसवला. फ्लोरीला पुढे १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. समीकरणाचे मोल असे की ते उलटेही वापरता येते. तुकडा किती फुगला हे मोजले की आत दुवे किती आहेत याचा हिशोब मांडता येतो. जे डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही, ते एका तराजूने आणि बाटलीभर टोल्युइनने कळते.

मोजणीत नवख्यांना चकवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. काजळी (कार्बन ब्लॅक) न घातलेला साधा तुकडा टोल्युइनमध्ये ठेवला तर त्याचे आकारमान चार-पाचपट होऊ शकते. पण डोळ्यांना लांबी दिसते, आणि पाचपट आकारमान झाले तरी लांबी पावणेदोन पटसुद्धा होत नाही. म्हणून नजरेचा अंदाज नेहमी कमी पडतो. खरे सांगते ते वजन. दुसरी गोष्ट वेळेची. सुरुवातीला आत शिरलेल्या द्रवाचे वजन वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा सरळ अर्थ असा की जाडी दुप्पट झाली तर भिजायला चौपट वेळ लागतो. दोन मिलिमीटरची पातळ रिंग ज्या तेलात दिवसभरात सुजते, त्याच तेलात मशीनच्या पायाखालची रबराची जाड गादी कित्येक महिने धडधाकट दिसते. ती टिकली असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तिची पाळी अजून आलेली नसते.

आता द्रवांकडे. रसायनाच्या भाषेत प्रत्येक द्रवाला आणि रबराला विद्राव्यतेचा एक अंक देता येतो, आणि अंक जितके जवळ तितके मिसळणे सोपे. नैसर्गिक रबराचा अंक साडेसोळाच्या आसपास, हेप्टेनचा पंधराच्या थोडा वर, टोल्युइनचा अठरा, इथेनॉलचा सव्वीस, पाण्याचा अठ्ठेचाळीस. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर ही सगळी मंडळी रबराच्या शेजारची. अल्कोहोल दूरचे, पाणी त्याहून दूरचे. पाण्यात रबर जे थोडे फुगते ते मुख्यतः चिकातून उरलेल्या प्रथिनांमुळे आणि क्षारांमुळे. ती काढून टाकली तर पाणी शोषणे आणखी कमी होते. अर्थात अंकावर सगळे चालत नाही. रेणू मोठा असेल तर तो जाळ्यात शिरायला कचरतो, आणि रेणूला हायड्रॉक्सिल गट असतील तर हिशोब बदलतो. याचे आपल्या ओळखीचे उदाहरण एरंडेल. शेंगतेल, खोबरेल किंवा लोणी यांत नैसर्गिक रबर हळूहळू फुगते, पण एरंडेलात फारच कमी. म्हणून जुन्या मोटारगाड्यांच्या ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण भरत असत, आणि आजही ब्रेकच्या रबरांना लावायचे लाल ग्रीस एरंडेलापासून बनवलेले असते. आताचे बहुतेक ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि ब्रेकची रबरे त्याच्याशी जुळतील अशी निवडलेली असतात. त्यात इंजिन ऑइलची थोडी धार मिसळली तरी ती फुगतात, सिलिंडरमध्ये अडकतात आणि ब्रेक सुटेनासा होतो. भांडे तेलाचेच, पण कुठल्या तेलाचे, यावर जीव अवलंबून असतो.

बेळगावचा रबराशी संबंध आला तो सायकलवरून. डनलॉपने १८८८ मध्ये हवेची धाव शोधली. किर्लोस्कर समूह आपल्या आरंभाचे साल म्हणून तेच साल सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेळगावात सायकली विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा केला. तिथून ते नांगराकडे वळले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेले. सायकल आली की ट्यूब आली, आणि ट्यूब आली की पंक्चर आले. पंक्चर काढण्याची रीत म्हणजे आपल्या विषयाचा उघड्यावर चाललेला धडाच आहे. ट्यूब घासून खरखरीत करतात, त्यावर सोल्युशन लावतात आणि थोडे थांबतात. द्रावक ट्यूबच्या पृष्ठभागात शिरून तो किंचित फुगवतो, साखळ्यांची टोके मोकळी होतात आणि सोल्युशनमधल्या कच्च्या साखळ्या त्यांच्यात शिरतात. मग द्रावक उडून गेला की दोन्ही एकमेकींत रुतून बसतात. गिऱ्हाईक घाई करते आणि ओल्यावरच पॅच लावायला लावते, तेव्हा अडकलेल्या द्रावकामुळे जोड कच्चा राहतो. कारागिराला हे सूत्राविना ठाऊक असते. फुगणे इथे उपयोगाला येते, हे विसरता कामा नये.

शहराची पुढची ओळख फाउंड्र्यांची आणि हायड्रॉलिक्सची. सुरेश हुंदरे यांनी उभारलेल्या पॉलिहायड्रॉनसारख्या कारखान्यांमुळे बेळगावचे व्हॉल्व्ह आणि पंप देशभर माहीत झाले. हायड्रॉलिक यंत्रणेत खनिज तेल दोन-दोनशे बारच्या दाबाखाली असते, आणि त्या तेलाला अडवणारी ओ-रिंग तळहातावर मावेल एवढी असते. ती नैसर्गिक रबराची असली तर तेलात फुगून तिचे मातेरे होईल. म्हणून तिथे नायट्रिल वापरतात. ते १९३० च्या दशकात जर्मनीत घडले, आणि त्यातल्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलमुळे त्याची जात पेट्रोलियमपासून दूर गेली. त्याच आवारात चार पावलांवर शॉट ब्लास्टिंगचा पाइप मात्र नैसर्गिक रबराच्या अस्तराचा असतो, कारण कोरड्या कणांचा मारा सोसण्यात त्याची बरोबरी करणारे थोडेच. दोन्ही काळी, दोन्ही लवचीक, हाताला सारखीच. अदलाबदल केली तर दोन्ही बाद. कुठले श्रेष्ठ, या प्रश्नाला इथे अर्थच उरत नाही.

फुगणे जितके वाईट तितके न फुगणे चांगले, असेही समजू नये. बसलेल्या सीलला किंचित फुगणे उपकारक असते. झिजेने पडलेली फट ते भरून काढते. उलट आक्रसणारे सील गळते. १९९३ मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचे आणि काही भागांत कमी अ‍ॅरोमॅटिकचे डिझेल आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या पंपांतल्या नायट्रिल रिंगा गळू लागल्या. जुन्या डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक त्यांना फुगवून ठेवत होते. ते कमी होताच रिंगा आक्रसल्या. रिंग तीच होती, तिच्याभोवतीचा द्रव बदलला होता.

आपल्या भागात असाच बदल उसातून आला आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाले त्यांत निपाणीपासून फार दूर नसलेले मिरज होते. २००३ पासून हे मिश्रण महाराष्ट्र आणि कर्नाटकासह अनेक राज्यांत सुरू झाले, आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. हा साखर कारखान्यांचा मुलूख, बेळगावात साखरेच्या अभ्यासाला वाहिलेली निजलिंगप्पा संस्था, तेव्हा इथेनॉलचे अर्थकारण इथे सगळ्यांना कळते. रबराचे गणित तितके कळत नाही. शुद्ध इथेनॉलमध्ये बरीच रबरे थोडीच फुगतात, म्हणून २० टक्के इथेनॉल म्हणजे पेट्रोलपेक्षा सौम्य, असे वाटणे सोपे आहे. नायट्रिलच्या बाबतीत मात्र मिश्रणातले फुगणे नुसत्या पेट्रोलमधल्या आणि नुसत्या इथेनॉलमधल्या, दोन्ही फुगण्यांपेक्षा जास्त होऊ शकते. मिश्रण हा तिसराच द्रव समजून तपासावा लागतो. जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधली रबरे बदलताना दुकानदाराला हे विचारले पाहिजे.

या विषयाचा पक्का अभ्यास आपल्या दाराशी झाला आहे हे फार थोड्यांना माहीत असते. धारवाड बेळगावहून पाऊणशे किलोमीटर, जवळजवळ निपाणी जितकी उत्तरेला तितकेच ते दक्षिणेला. तिथल्या कर्नाटक विद्यापीठात तेजराज अमिनभावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रबरांमधून सेंद्रिय द्रव कसे शिरतात आणि पसरतात यावर दीर्घकाळ काम केले. १९९१ मध्ये ‘मॅक्रोमॉलिक्यूल्स’ या नियतकालिकात हारोगोप्पद आणि अमिनभावी यांचा निबंध आला. निओप्रीन, स्टायरीन-ब्युटाडाइन, ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर अशी चार रबरे घेऊन त्यांनी ८ ते १६ कार्बनच्या हायड्रोकार्बनांमध्ये त्यांची तुलना केली होती. पेट्रोलपासून डिझेलपर्यंतचा मोठा भाग याच टप्प्यात येतो. अशा अभ्यासांतून दिसते की द्रवाची साखळी लांब होत गेली तसा तिचा रबरातला प्रवास मंदावतो. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ होईपर्यंत बेळगावची महाविद्यालये कर्नाटक विद्यापीठाशीच जोडलेली होती. इथल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या पदवीवर त्याच विद्यापीठाचे नाव होते आणि त्यांना मराठीतून हे काम कुणी सांगितले नाही. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय हद्दीने कोल्हापूर जिल्ह्यात आणि शिवाजी विद्यापीठाकडे. विद्यार्थी दोन विद्यापीठांत वाटले गेले, फिटर आणि मिस्त्री कुठल्याच विद्यापीठाचे नाहीत. या तिघांनाही वाचता यावे म्हणून पुस्तक मराठीत लिहिले.

पुस्तकाची मांडणी याच हेतूने केली आहे. पहिल्या भागात रबर कसे घडते आणि गंधकाचे दुवे कसे बसतात ते आहे. दुसऱ्या भागात फुगण्याचे शास्त्र आहे. समीकरणे चौकटीत वेगळी ठेवली आहेत, ती वगळून वाचले तरी धागा तुटत नाही. तिसरा भाग मोजणीचा. रबरावर द्रवाचा परिणाम तपासण्याची आयएस ३४०० च्या सहाव्या भागातली रीत तिथे पायरीपायरीने दिली आहे: तुकडा तोलायचा, झाकणाच्या बाटलीत बुडवायचा, ठरावीक वेळाने काढून टिपकागदाने टिपायचा, लगेच तोलायचा, आणि वजन वाढायचे थांबेपर्यंत हेच करायचे. शेवटी तो वाळवून पुन्हा तोलायचा, ही पायरी बरेच जण गाळतात. वाळलेला तुकडा पहिल्यापेक्षा हलका भरला तर समजावे की त्यातले तेल, मेण किंवा न बांधलेले रबर द्रवाने बाहेर ओढून नेले आहे. अर्धवट भाजलेला माल इथेच पकडला जातो: तो जास्त फुगतो आणि जास्त हलका होतो. चौथ्या भागात वाहन, शेती, दुग्धव्यवसाय आणि हायड्रॉलिक्स यांतल्या जोड्या आहेत, कुठल्या द्रवाला कुठले रबर. वाचकाला घाई असेल तर त्याने सरळ तिथून सुरुवात करावी.

एक सूचना इथेच द्यायला हवी. टोल्युइन आणि पेट्रोल भडकतात, त्यांची वाफ श्वासात जाणे वाईट. हे प्रयोग प्रयोगशाळेत, हवा खेळती ठेवून आणि जवळपास विस्तव नसताना करावेत. हातात मोजे घालावेत, पण दवाखान्यातले पातळ लेटेक्सचे नकोत. तेही नैसर्गिक रबरच. पेट्रोलमध्ये ते फुगून फाटतात आणि हाताला कळतही नाही.

रबराच्या दुकानात आपण आतला व्यास सांगतो, बाहेरचा सांगतो, जाडी सांगतो. दुकानदार मापाचा वायसर काढून देतो आणि व्यवहार पुरा होतो. त्या वायसरभोवती पाणी राहणार, डिझेल राहणार, ब्रेक ऑइल की इथेनॉलचे पेट्रोल, हे घेणाराही सांगत नाही आणि देणाराही विचारत नाही. नादुरुस्तीचा मोठा हिस्सा या न विचारलेल्या प्रश्नातून येतो, आणि तो विचारायला शिक्षण लागत नाही, पैसाही लागत नाही. हे पुस्तक वाचून झाल्यावर समीकरणे विसरली तरी चालतील. माप सांगण्याआधी द्रवाचे नाव सांगायची सवय मात्र लागावी.